जपानमधली गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला यायचं ठरलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न घराचा असतो, दुसरा तूरडाळ कुठे मिळते हा आणि तिसरा गाडीचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळेच देतात. गाडीचे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात, कारण टोकियोत निशिकासाईला मी काही वर्षं गाडीशिवाय काढली आणि आता हामामात्सूत गाडीशिवाय दुधाची पिशवीही घरी येत नाही. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

जपान म्हणजे रेल्वेचा देश. तिथे गाडी लागतेच कशाला?

रेल्वेचा देश आहे तो टोकियो, ओसाका आणि त्यांच्या आसपासचा. फुकुई, गुन्मा, यामागाता असल्या प्रांतांत गेलात की चित्र पालटतं. फुकुईत घरटी दीडहून जास्त गाड्या आहेत, टोकियोत दोन घरांत मिळून एकसुद्धा धड येत नाही.

हामामात्सूचंच घ्या. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थांबते, त्यामुळे नकाशावर शहर मोठं झकास दिसतं. पण २००५ मध्ये आजूबाजूची गावं पोटात घेऊन या शहराचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. मुंबई आणि उपनगरं मिळून सहाशेच्या आसपास भरतात. एवढ्या पसाऱ्यात माणसं आठ लाखांहूनही कमी. बस तरी किती ठिकाणी जाणार? दवाखाना, शाळा, किराणा सगळं बायपासच्या कडेला, भल्यामोठ्या पार्किंगसकट. नवरा एका कारखान्यात, बायको दुसऱ्या, मुलं पाळणाघरात, म्हणजे घरात दोन गाड्या आल्याच. त्याला कोणी चैन म्हणत नाही.

आम्ही टोकियोत राहणार आहोत. गाडी घ्यावी का?

नको. महिन्याचं पार्किंगच वीस ते पन्नास हजार येन खातं. महिन्यातून दोनदा हाकोने-निक्कोला जायचं असेल तर भाड्याची किंवा पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबानं मिळणारी शेअरची गाडी घ्या. लहान मूल असेल तर पुढेमागे सीट असलेली सायकल घ्या, ती जास्त उपयोगी पडेल.

गाडी घेण्याआधी पोलीस ठाण्यात जावं लागतं म्हणे?

जावं लागतं, आणि माझ्या मते जपानी गाडीची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. गाडी नावावर करायची तर ती ठेवायला जागा आहे असा दाखला लागतो. त्याचं नाव शाको शोमेइ, आणि तो पोलीस ठाणं देतं. जागा तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी, गाडी तीत पुरती मावायला हवी आणि तिथून रस्त्यावर निघता यायला हवं. तुम्ही कागदावर नकाशा काढून द्यायचा, मापं लिहायची, जागामालकाची सही आणायची. नकाशावर जागा आहे म्हणून भागत नाही, कोणी तरी येऊन बघूनही जातं.

हा कायदा १९६२ चा, म्हणजे सर्वसामान्यांच्या दारात नुकत्या कुठे गाड्या यायला लागल्या होत्या तेव्हाचा. रस्ता हा गाडी ठेवायचा गोठा नाही, हे त्यांनी गर्दी व्हायच्या आधीच ठरवून टाकलं. रस्त्यावर एकाच जागी बारा तास, रात्री असेल तर आठ तास गाडी उभी ठेवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून रात्री अकराला कुठल्याही गल्लीत जा, रस्ता मोकळा. कोथरूड-डोंबिवलीहून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्या गल्ल्या ओसाड वाटतात. काही तरी चुकतंय असं वाटतं, पण काय ते कळत नाही.

केइ, म्हणजे इथल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या गाड्या, त्यांना यात थोडी सूट आहे. मोठ्या शहरांत गाडी घेतल्यावर जागा कळवायची असते आणि कित्येक गावांत तेवढंही लागत नाही. घ्यायच्या आधी आपल्या गावाचा नियम विचारून घ्या.

ही केइ गाडी म्हणजे नक्की काय? पिवळ्या पाटीची टॅक्सी असते का?

आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, म्हणून हा घोळ प्रत्येकाचा होतो. इथे पिवळी पाटी म्हणजे घरची, पण केइ. टॅक्सीची पाटी हिरवी असते.

केइ म्हणजे हलकी. लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, याच्या आत बसली ती केइ. एखादा सेंटिमीटर जास्त झाला की वर्ग बदलला. १९४९ मध्ये हा वर्ग पहिल्यांदा कायद्यात आला तेव्हा युद्धानं देशाचं कंबरडं मोडलेलं होतं आणि मोटरसायकल घेणाऱ्याला चार चाकं परवडावीत एवढीच इच्छा होती. इंजिनाची मर्यादा पुढे ३६० सीसी झाली, १९७६ ला ५५० आणि १९९० ला ६६०. तेव्हापासून तिथेच आहे.

फायदा सरळ पैशाचा. केइला वर्षाचा कर १०,८०० येन. एक लिटरपर्यंतच्या साध्या गाडीला २५,००० येन, दीड लिटरपर्यंत ३०,५००. टोल कमी, वजनाचा कर कमी, विमाही थोडा कमी. आणि गाडी नावावर करताना साध्या गाडीला सहीऐवजी वापरायचा नोंदणीकृत शिक्का आणि त्याचा दाखला लागतो, केइला ती कटकट नाही. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत तीनांतली एक केइ असते, आणि अलीकडे बऱ्याच वर्षी सगळ्यात खपलेली गाडीही केइच होती, होंडाची एन-बॉक्स.

मला यात गंमत वाटते ती आकाराची. लांबी-रुंदी बांधून दिल्यावर कंपन्यांकडे एकच दिशा उरली, वर जायची. म्हणून हे उभट खोके. बाहेरून टपरीएवढी दिसते, आत बसलं की डोक्यावर हातभर जागा, सरकते दरवाजे, मागची सीट पाडली की सायकल उभी मावते. आपल्याकडेही कराच्या कात्रीनंच गाड्या बेतल्या गेल्या. २००६ च्या अर्थसंकल्पानं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा कर उतरवला आणि काही वर्षांत सेडानच्या डिक्या मागून छाटल्यासारख्या दिसायला लागल्या. पुढे चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींचं पीक आलं. गाडीचं रूप डिझायनर ठरवतो असं आपण समजतो, पण टेप कर खात्याच्या हातात असते.

केइत पाच जण बसले तर चालतं का? आई-बाबा येणार आहेत.

केइ चार जणांची. पाचवा मोठा माणूस बसला की नियमभंग झाला. बारा वर्षांखालची तीन मुलं दोन मोठ्यांच्या बरोबरीची धरतात, त्यामुळे दोन मोठे आणि तीन मुलं कागदोपत्री बसतात, पण मागे पट्टे दोनच. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार म्हणून सात सीटची गाडी विकत घेणारे मी पाहिलेत. तेवढे शनिवार-रविवार भाड्याची घ्या, बरंच स्वस्त पडेल.

आपली मारुती ८०० म्हणजे इथलीच केइ का?

सख्खी बहीण. सुझुकीनं १९७९ मध्ये ऑल्टो आणली, ४,७०,००० येनला. तेव्हाच्या मानानं इतकी स्वस्त, कारण ती कागदोपत्री मालवाहू गाडी होती आणि मालवाहू गाड्यांवरचा कर वेगळा होता. (पळवाट शोधणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही.) भारत सरकारशी सुझुकीचा करार ऑक्टोबर १९८२ ला झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती बाहेर पडली. अंग तेच. इथे इंजिन ५५० च्या मर्यादेत, आपल्याकडे तशी मर्यादा नव्हती म्हणून ७९६ सीसी. ओम्नी ही इथली कॅरी. वॅगन आर इथे १९९३ ला आली, आपल्याकडे १९९९ च्या अखेरीला, अंगानं थोडी भरून.

म्हणजे जपान्यांच्या जागेच्या टंचाईतून बेतलेली गाडी आपल्या मध्यमवर्गाचं पहिलं वाहन झाली. ते घडवणारे, सुझुकी कंपनीचे प्रमुख राहिलेले ओसामु सुझुकी डिसेंबर २०२४ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात भारत सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. कंपनीचं मुख्य ठाणं हामामात्सूतच आहे. इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना भारताबद्दल दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात, एक करी आणि दुसरी मारुती.

जुनी गाडी इतकी स्वस्त कशी? काही काळंबेरं आहे का?

काळंबेरं नाही, शाकेन आहे. शाकेन म्हणजे आपलं पासिंग, पण दात असलेलं. नव्या घरगुती गाडीला पहिलं तीन वर्षांनी, त्यानंतर दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, चाकांची रेघ, खालचे रबर सगळं तपासतात. त्याच वेळी वजनाचा कर आणि सक्तीचा विमाही भरायचा. केइला साधारण सत्तर हजार ते लाख येन, मोठ्या गाडीला त्याहून बरंच जास्त, आणि काही बदलायचं निघालं तर वेगळं. गाडी तेरा वर्षांची झाली की करही चढतो.

म्हणून होतं काय, की धडधाकट गाडी केवळ शाकेन जवळ आलं म्हणून मालकाला नकोशी होते. अशा गाड्या लिलावात जातात आणि तिथून जहाजानं आफ्रिका, न्यूझीलंड, श्रीलंका, पाकिस्तान असं कुठे कुठे. आपण विकत घेताना किमतीची पाटी नंतर बघायची, आधी विचारायचं, शाकेन किती महिने उरलंय? 'शाकेन दोन वर्षं' असलेली तीन लाखांची गाडी ही 'शाकेन संपलेली' असलेल्या दोन लाखांच्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

सक्तीचा विमा आहे ना, मग वेगळा कशाला?

सक्तीचा विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता आहे. तुम्ही कोणाच्या गाडीला, कुंपणाला किंवा दुकानाच्या काचेला ठोकलंत तर त्यात एक येनही मिळत नाही. वरचा ऐच्छिक विमा घ्याच. नवा माणूस सहाव्या श्रेणीवर सुरू करतो, वर्षभर काही केलं नाही की एक पायरी वर, विसाव्या पायरीपर्यंत. पायरी वर गेली की हप्ता खाली येतो.

भारतातलं लायसन्स चालतं का?

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, तो इथे चालतो. पण जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, जे आधी संपेल तेवढाच. काही जण वर्ष भरत आलं की दिवाळीला घरी जातात, नवा परवाना काढून पंधरा दिवसांत परततात आणि आणखी एक वर्ष मिळालं असं समजतात. मिळत नाही. इथे रहिवासी म्हणून नोंद असलेल्यानं तीन महिन्यांहून कमी काळ बाहेर काढला तर वर्ष नव्यानं मोजत नाहीत. म्हणजे तुम्ही विनापरवाना गाडी चालवताय, आणि हे बहुतेकांना अपघात झाल्यावर कळतं.

दुसरा रस्ता भारतीय लायसन्स बदलून जपानी घेण्याचा. लायसन्स मिळाल्यानंतर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुना पासपोर्ट टाकू नका. लायसन्सचं भाषांतर जाफ करून देते, ती इथली मोटारमालकांची संघटना. काही देशांच्या लोकांना परीक्षा माफ आहे, आपल्याला नाही. लेखी परीक्षा पूर्वी दहा प्रश्नांची, चहा संपायच्या आत होणारी होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न आणि पास व्हायला ९० टक्के. भाच्याला 'काका म्हणाले सोपी असते' असं सांगून पाठवू नका.

खरी गाळणी चालवण्याच्या परीक्षेत. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी हाकलेला माणूस तीनतीनदा नापास होतो, आणि चिडून 'परदेशी म्हणून पाडलं' म्हणतो. मीही म्हणालो होतो. गाडी येते का हे ते बघतच नाहीत. वळताना मान वळवून खांद्यामागे पाहिलं का, नुसता आरसा नव्हे. डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला इतकी लावली का, की मधून सायकल घुसू नये. थांबा रेषेवर चाक पूर्ण थांबलं का. माझी मान आरशात बघूनच समाधानी होती, म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी कीर्तनकारासारखी मान फिरवली आणि पास झालो.

अगदी नव्यानं शिकणार असाल तर ड्रायव्हिंग स्कूलचा खर्च तीन लाख येनच्या आसपास धरा. लायसन्स मिळाल्यावर वर्षभर गाडीला हिरव्या-पिवळ्या कोवळ्या पानाचं चिन्ह लावणं बंधनकारक आहे. त्याला लाजू नका, ते पाहून मागचे लोक खरोखर अंतर ठेवतात.

गाडी डावीकडूनच चालते, मग चुका कुठे होतात?

बाजू तीच असल्यामुळेच होतात, कारण माणूस गाफील राहतो. रेल्वे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक गाडीनं रेषेवर थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग ओलांडायचं. लाल उलट्या त्रिकोणावर 'तोमारे' लिहिलेलं असतं, तिथे समोर चिटपाखरू नसलं तरी चाक थांबलंच पाहिजे. पोलीस नेमके अशाच कोपऱ्यावर उभे असतात. हॉर्न फक्त धोका टाळायला. कोणी वाट दिली तर दोन्ही इंडिकेटर एकदम दोनतीनदा लुकलुकवायचे, म्हणजे थँक्यू झालं.

ही शिस्त यांच्या रक्तातच आहे का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न ऐकला की मला थोडा रागच येतो. १९७० मध्ये एका वर्षात इथल्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. वर्तमानपत्रं त्याला 'कोत्सू सेन्सो', वाहतुकीचं युद्ध म्हणायची. मग पादचारी पूल, सिग्नल, फुटपाथ, शाळेत रस्ता ओलांडायचे धडे, पहिलीच्या पोरांच्या दप्तरावर पिवळं आवरण, दंड आणि तुरुंग असं सगळं पन्नास वर्षं रेटलं. आता वर्षाला २,७०० च्या आत आलेत. आपल्याकडे २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांहून जास्त गेले.

आणि अजूनही सगळं आलबेल नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा असेल तर थांबणं कायद्यानं सक्तीचं आहे. जाफनं २०१६ मध्ये मोजलं तेव्हा शंभरात आठ गाड्याही थांबत नव्हत्या. नंतर दरवर्षी मोजून जाहीर करत राहिले, प्रांतांची क्रमवारी लावली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये निम्म्याच्या वर गेल्या.

ऑफिसच्या पार्टीत एक बिअर घेतली तर?

गाडीची किल्ली घरी ठेवा. पिणारा चालक तर अडकतोच, पण त्याला पाजणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसणारा यांनाही शिक्षा आहे. २००६ मध्ये फुकुओकात एका प्यायलेल्या चालकानं मागून धडक दिली, गाडी पुलावरून समुद्रात गेली आणि तीन लहान भावंडं बुडाली. पुढच्या वर्षी कायदा असा कडक झाला.

पण गावात शेवटची बस गेलेली, गाडी हॉटेलपाशी. त्यासाठी 'दाइको' नावाचा धंदा आहे. फोन केला की एका गाडीतून दोघं येतात. एक तुमची गाडी तुमच्यासकट घरी नेतो, दुसरा मागून त्यांची गाडी घेऊन येतो आणि मग दोघं त्यांच्या गाडीतून परत. हा प्रकार आपल्या नाशिक-कोल्हापुरात कोणी सुरू केला तर चालेल असं मला कायम वाटतं.

पेट्रोल पंपावर काय सांगायचं?

'रेग्युलर, मानतान', म्हणजे टाकी फुल. स्वतः भरायच्या पंपावर लाल नळी रेग्युलर, पिवळी महागडं पेट्रोल, हिरवी डिझेल. आता घोटाळा ऐका. डिझेलला जपानीत 'केइयु' म्हणतात, हलकं तेल, आणि हे 'केइ' अक्षर केइ गाडीतलंच आहे. 'केइ गाडी म्हणजे केइयु' असा सरळ हिशेब करून डिझेल भरणारे दरवर्षी निघतात, आणि त्यात जपानी माणसंही असतात. भरलंत तर गाडी चालूच करू नका, तिथूनच फोन लावा.

नंबर आवडीचा मिळतो का?

चार आकडे निवडता येतात, थोडे पैसे भरून. आपल्याकडे इंग्रजी ४१४१ जरा वळवून 'दादा' करतात, तसा इथला खेळ उच्चारांचा. ११२२ म्हणजे 'ई फूफू', छान जोडपं. २५२५ म्हणजे 'निको निको', हसरं. शेवटी ४२ किंवा ४९ असलेले नंबर मागितल्याशिवाय देत नाहीत, कारण ४ चा उच्चार 'शि', म्हणजे मरण. आकड्यांआधीच्या अक्षरातही 'शि' नसतं. 'हे' पण नसतं, कारण त्याचा अर्थ पादणं.

नव्या गाडीची पूजा?

करा की. तेही करतात. टोकियोजवळच्या कावासाकी दाइशी या मंदिराची तर गाड्यांसाठी वेगळी प्रार्थनेची इमारत आहे, गाडी घेऊनच जायचं. आमच्या गाडीत मंदिराचा ताईत आणि पुण्याहून आलेला गणपती शेजारी शेजारी बसतात. टायरखाली लिंबू मात्र आम्ही घराच्याच आवारात चिरडलं. रस्त्यावर चिरडून मग त्याचा कचरा उचलायला वाकायचं, हे मुहूर्ताला बरं दिसलं नसतं.

गावाकडची म्हातारी माणसं गाडी चालवतात, भीती नाही वाटत?

वाटते, त्यांनाही आणि त्यांच्या मुलांनाही. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या माणसाच्या गाडीखाली सायकलवरच्या आई आणि तिची लहान मुलगी गेल्या. त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी लायसन्स आपणहून परत केलं. बदल्यात एक कार्ड मिळतं, त्यावर बस-टॅक्सीत सवलत असते. पंचाहत्तरीनंतर लायसन्स नव्यानं घेताना स्मरणशक्तीची चाचणी असते.

पण बसच नसेल तर सवलत कशावर घेणार? आमच्या पलीकडचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, केइतोरा चालवतात. ही केइ वर्गातली छोटी ट्रक, आपल्या छोट्या हत्तीच्या नात्यातली. मागे संत्र्यांचे क्रेट, एक फावडं आणि आजी पुढे शेजारी. मुलगा नागोयाहून दर फोनला लायसन्स परत करा म्हणतो. आजोबा म्हणतात, करतो, एवढा हंगाम जाऊ दे. तीन हंगाम झाले. दवाखाना सात किलोमीटरवर आहे आणि डोंगराकडून येणारी बस दिवसाला दोनदा, त्यामुळे मलाही त्यांना काही सांगवत नाही. मी आमचा किराणा आणायला जातो तेव्हा विचारून जातो, एवढंच.

भारतात परत आल्यावर गाडी चालवायला जमतं का?

दोन दिवसांत जमतं, हॉर्नचा हात आपोआप परत येतो. मान मात्र वळत राहते. मागच्या मे महिन्यात सासुरवाडीला जाताना उघड्या रेल्वे फाटकाशी मी रेषेवर थांबलो, दोन्हीकडे बघायला लागलो. मागच्या वडापवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय हो, बंद पडली का? धक्का मारू?"